सोवळ्यातले मासे

मी धामनोदची. वडील हायवेवरच्या धर्मशाळेत स्वयंपाकी, शाळा चौथीपर्यंतच झाली, पुढची लांब होती, मग लग्न होऊन देवासला आले ती पुजाऱ्यांच्या घरात. काय सांगू तुम्हाला, ज्या घरात कोणी मासा हातात धरला नाही, त्या घरची माझी शर्वरी शिकली ती माशांचंच. मंकफिश म्हणतात, नुसतं तोंडच तोंड, समुद्राच्या तळाशी पडून राहतो. कोणता देश किती धरतो, कुठे वाढलं, कुठे घटलं, ते ती काँप्युटरवर रेघा काढून बघते. एका देशाची रेघ चढलेली बघून मी म्हटलं, बरं झालं, मासे वाढले. नाही गं आई, म्हणाली, पाणी तापलं म्हणून तिकडे सरकलेही असतील. मला पटलं, आमच्याकडे बायपास झाला तेव्हा गाड्या तेवढ्याच होत्या, जुने ढाबे ओस पडले आणि नवे भरले.

तर तिची परदेशातल्या नोकरीची मुलाखत, तीही घरूनच, आणि नेमकी देवीच्या पूजेची आमची पाळी त्याच दिवशी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सोवळं नेसून नैवेद्याची वाट बघत बसलेले. नात सायन्स शिकली आणि आज परदेशातले साहेब तिची मुलाखत घेणार, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी नको म्हटलं तर ती जाणार नव्हती. आतून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं, ते म्हणाले, कशाचं बोलते आहे एवढं? त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडत नाही, अभ्यासाचं म्हटलं असतं तर सुटले असते, पण पोरीला चोरून पाठवणं मनाला पटेना.

"मामंजी, माशांचं बोलते आहे ती."

ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, धरायला शिकवते का? म्हटलं, नाही, कुठे धरणं थांबवावं ते सांगते, जिथले मासे लहान आहेत, त्यांना अजून पिल्लं व्हायची आहेत. ते उठले, मला वाटलं संपलं. त्यांनी तिच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. फूलवाला आला, हाका मारायला लागला, तर म्हणाले, धीरे भिया, अंदर बच्ची का काम चल रहा है. आणि मला म्हणाले, भांडी वाजवू नकोस, देवी थांबेल, ते साहेब लोक थांबणार नाहीत.

आता ती थंड देशात आहे, बंदरावर उतरलेले मासे मापते. रविवारी फोन येतो तेव्हा मामंजी अजून मासे म्हणत नाहीत, तुझी मंडळी कशी आहेत विचारतात. परवा म्हणाली, एका किनाऱ्यावर जाळी कमी केली, लहान लहान दिसायला लागलेत आजोबा. वाढू देत, म्हणाले. मी लांबूनच ऐकत होते, मनात म्हटलं, वाढू देत बाई, तेही आणि तूही.