सहाव्या आणि सातव्या मजल्यामध्ये

—अहो, अहो, ती घंटा नका दाबू साहेब, उगाच खालचा वॉचमन जिने चढत येईल, त्याचे गुडघे पाहिलेत ना मघाशी, बसतानाच किती कण्हत होता. आणि लिफ्ट काही पडणार नाही. मघाशी टक् असा आवाज आला, ऐकलात? तो ब्रेक. तो लागला की वरून हत्ती आणून ठेवा, ही हलायची नाही. मला कसं माहीत? बावीस वर्षं लिफ्टच दुरुस्त केल्यात हो मी! ही तर आमच्याच कंपनीची. कंपनी बंद पडली, लिफ्ट चालू आहेत — बघा म्हणजे, कामगार कसे होते आणि मालक कसे होते.

सातव्यावर ना? मुलाखतीला? फाइल अशी छातीशी धरलीय तुम्ही, लगेच ओळखलं. मीपण तिकडेच. इमारत देखभाल पर्यवेक्षक. तुमचीही तीच? अरे वा, म्हणजे आपण शत्रू! द्या हात. वेळ कितीची तुमची — अकरा? माझी सव्वाअकरा. आत्ता वाजलेत दहा एक्कावन्न. मग घाम कशाला पुसताय, भरपूर वेळ आहे.

माझी ही चौदावी. नऊ महिने झाले. पण आत्मविश्वास म्हणाल तर — एकदम ताठ! मुलीनं तक्ता लावलाय भिंतीवर. नऊ ते अकरा अर्ज, अकरा ते बारा फोन, आणि हे सगळं पायात बूट घालून. घरात हो! बूट घातले की माणूस लोळत नाही, असं तिचं म्हणणं. आरशासमोर उभं राहून हसायचं, तेही आहे तक्त्यात. पहिल्या दिवशी हसलो तर बायकोनं विचारलं, दाढ दुखतेय का? ती बाकी काही विचारत नाही. मुलाखत असली की शर्टाला इस्त्री करून दाराच्या मागे लावते आणि आपल्या कामाला लागते. काय झालं, कसं झालं — एक अक्षर नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

चुकतं कुठे, विचारताय? कान, साहेब, कान! पाचव्या मुलाखतीत ते विचारतात, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता — आणि बाहेर त्यांची लिफ्ट अशी करकरत होती, मला काही सुचेना. म्हटलं, माझं राहू द्या, तुमची ही लिफ्ट पाच महिने काढत नाही. उठलो, बाह्या सरसावल्या, तासाभरात गप्प केली तिला. सगळे खूश! चहा दिला, खाली सोडायला आले. नोकरी दिली दुसऱ्याला. का देणार नाहीत? दुरुस्ती फुकटात झाली होती ना.

काय बघताय तिकडे? ही? ही... किल्ली आहे. हो, माझीच. म्हणजे कंपनीची, परत करायची राहिली. या झाकणामागे लिफ्ट थांबवायचा स्विच असतो, तो हिनं — हं. तुमची नजर चांगली आहे हो, पर्यवेक्षक शोभाल. बरं, थांबवली. मीच. म्हणजे मी फिरवली असं नाही, सहाव्याचा दिवा गेला, हात खिशात गेला, आणि ती फिरली.

रागावू नका. दोनच मिनिटं हवी होती मला. मागच्या दोन वेळी काय झालं सांगू? दार उघडलं, समोर काचेचं ऑफिस, तिथली मुलगी हसून या म्हणाली — आणि मी, चुकून आलो हो, म्हणून तळमजल्याचं बटण दाबलं. घरी सांगितलं, छान झाली, कळवतो म्हणाले. लेकीनं तक्त्यावर हिरवी खूण केली. नऊ महिन्यांत दोनच हिरव्या खुणा आहेत तिथे, आणि दोन्ही खोट्या. लाज वाटते हो. ती मैत्रिणींना तक्ता दाखवते तेव्हा तर मी उठून बाल्कनीत जातो. आज परत तसाच खाली गेलो ना, तर मग मी कुठेच जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

राहू द्या. तुमचं बोला. आधी कुठे होता — गोदामात? म्हणजे लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही? मग ऐका, हे ते नक्की विचारणार: लिफ्टमध्ये माणूस अडकला, आधी काय कराल? सगळे सांगतात, वीज तोडू, दार उघडू. चूक! आधी त्याच्याशी बोलायचं. बोलत राहायचं, काहीबाही, बायकोचं, मुलीचं. दार नंतर. हे सांगा, खूश होतील. शत्रूला फुकट देतोय, लक्षात ठेवा!

हं, फिरवली किल्ली. बघा, कशी अलगद उचलते. आला सातवा. उतरा, शुभेच्छा. मी ना? मी जरा खाली जाऊन पाणी पिऊन येतो. अहो, सव्वाअकराची आहे माझी. तुम्ही व्हा पुढे... अहो, पाय काढा! दारात पाय घालू नका हो, त्या पायावर ते आपटतंय, वरची रोलरं जातात अशानं. हसताय काय? मुद्दाम करताय? ऐका, ऐका कशी कुरकुरायला लागली! काढा म्हणतो ना! नाही काढत? बरं, सरका. सरका तिकडे, आलो मी बाहेर. आता तरी सोडा तिला.