ओ गटाची पोरगी

मंदाताईंच्या घरची मंडळी, रक्तपेढीतले त्यांचे सोबती आणि गावोगावहून आज पातूरला आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. मला भाषण जमत नाही. त्यात समोर ताईंचा हार घातलेला फोटो. पण आज मी बोलणार आहे. रडू आलं तर थांबेन आणि परत बोलेन.

सकाळी एसटीत बसताना बाबा मला म्हणाले, "घरची गोष्ट चारचौघात काहून सांगतं वं?" आई खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "सांगू द्या तिले." म्हणून सांगते.

मी अकरावीत होते. आमच्या गावात रक्तगट तपासणीचं शिबिर लागलं. तपासायला मंदाताई आल्या होत्या. तेव्हाची पद्धत अशी, की नाव पुकारायचं आणि गट मोठ्याने वाचायचा. बाबांचा ए. आईचा बी. माझा ओ. साऱ्या मंडपाने ऐकलं. माझी आत्या तिथल्या तिथे बोलली, "लेकराचा गट मायचा, नाही तं बापाचा असते. हा ओ कुठून आला?"

कुठून आला? एवढाच प्रश्न. बाबांनी आईशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरड नाही. फक्त बोलणं बंद. ताट वाढलं की जेवायचे आणि उठून वावरात जायचे. चार महिने. आई भाकरी थापता थापता स्वतःशीच म्हणायची, "म्या काय केलं?" आणि मी? मी आरशात बाबांचं नाक शोधायची.

ताईंच्या कानावर हे गेलं आणि त्याच रविवारी त्या आल्या. घरात पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ वावरात. मी मागे मागे. बाबा कपाशीत डवरा धरून तण काढत होते. ताई म्हणाल्या, "भाऊ, गट मोठ्याने म्या वाचला. चूक माही हाय. पण आता ऐका. माणसाजवळ गट दोन असतात, एक मायकडून, एक बापाकडून. तुमचा ए वर दिसते, त्याच्याखाली ओ लपून हाय. बाईच्या बीखालीही तसाच लपून हाय. लेकराले देताना दोघं एकेकच देतात. दोघांनीही लपलेला देला, तं लेकरू ओ."

बाबांनी डवरा सोडला नाही.

मग ताईंनी विचारलं, "हायब्रीडचं बी घरी राखून पुढच्या साली पेरलं कधी?"

"पेरलं एकडाव. फसलो. काही झाडं उंच, काही बुटकी."

"पहिल्या साली तं सारी सारखी होती ना?"

"हो."

"मंग त्या बुटक्या झाडाले शेजाऱ्याचं म्हटलं का तुमी?"

बाबा थांबले. म्हणाले, "नाही. माह्याच घरचं बी होतं थे."

ताईंनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. बाबांनी माझ्याकडे किती तरी वेळ पाहिलं.

त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "वाढतं का?" चार महिन्यांनी दोन शब्द. आईने वाढलं. पुढे सगळं सुरळीत झालं. पण जे म्हणायला पाहिजे होतं, ते बाबा कधी म्हणाले नाहीत.

ताई मात्र आपली चूक विसरल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी एकही गट पुकारला नाही. कार्ड घडी करून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "घरी जुळला नाही तं भांडू नका. पहिले माह्याकडे या." इथे बसलेल्यांपैकी कितीजण तसे गेले असतील, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मी आज अमरावतीत तेच काम करते. साहेबांनी कितीही घाई केली तरी माझ्या टेबलावर गट पुकारला जात नाही. जाणारही नाही. ताईंच्या फोटोसमोर सांगते, मी आहे तोवर नाही. आणि "कुठून आला" असं विचारणाऱ्याला मी समोर बसवून समजावीन. दहा वेळा लागलं तर दहा वेळा.

आता सगळे उभे राहू या. बाबा, तुम्ही पुरुषांच्या रांगेतून इकडे या. या ना. आईजवळ उभे राहा.

दोन मिनिटं आम्ही सगळे ताईंसाठी गप्प राहतो. तुम्ही तेवढं आईशी बोला.