नुसती साथ

(संगीत विद्यालयाच्या सभागृहामागची खोली. कोपऱ्यात डबल बेस: माणसाहून उंच, व्हायोलिनसारखं गजाने वाजवायचं वाद्य. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचं एकल वादन थोड्या वेळात सुरू होणार आहे.)

मुलगी : आणि आता ऐनवेळी तू म्हणतेस, हे नको वाजवू!

आई : ऐनवेळी कुठे? मला कळलंच आत्ता, दाराबाहेरच्या कागदावर 'जुन्या गाण्यातली साथ' एवढं वाचून. घरी तर दुसरंच काहीतरी घासत होतीस.

मुलगी : तुला आधी कळलं असतं तर आत्याबाईंना हात लावू दिला असतास?

आई : डबल बेसला आत्याबाई म्हणायला मीच शिकवलं तुला. दारातून आडव्या होऊन येतात नि सगळी खोली अडवून बसतात म्हणून. आणि आज त्यांच्याकडूनच माझं हसं करून घेणार तू?

मुलगी : हसं? आई, त्या गाण्याच्या रेकॉर्डवर तू जे वाजवलंयस ते एकेक सूर ऐकून उतरवून घेतलंय मी.

आई : अगं, साथ आहे ती! वर गायक गातोय, खाली मी. गायक काढून घेतल्यावर उरतं काय? ढम्म, ढम्म. लोक जांभया देतील.

मुलगी : देऊ देत.

सर : येऊ का आत? बरं झालं, आई इथेच आहेत. तुम्ही तरी सांगा हिला. शिक्षकाचं ऐकणं तिने कधीच सोडलंय. एकल वादनात साथीचे सूर! वऱ्हाड आलंय आणि नवरा-नवरीचा पत्ता नाही.

मुलगी : मग आज वऱ्हाडाचेच फोटो काढू, सर.

सर : थट्टा पुरे. परीक्षक येऊन बसलेत. ही रचनाच नव्हे म्हणतील नि नापास करतील. वर्ष जाईल तुझं. तयार केलेली ती दुसरी रचना वाजव आणि मोकळी हो.

मुलगी : नाही वाजवणार. नियमात एवढंच आहे की रचना डबल बेसची हवी आणि पाठ हवी. ही दोन्ही आहे.

सर : कुठलं गाणं, ते तरी कळू दे.

मुलगी : शेवटच्या कडव्याआधी गायक थांबतो, ते.

सर : ते? अहो, तो ठहराव तर मी दरवर्षी वर्गात ऐकवतो! सगळी वाद्यं गप्प, खाली एकटा बेस, आणि मग तो गायक कसा अलगद कडवं उचलतो. काय धाडस त्या माणसाचं!

मुलगी : सांग ना आई.

आई : सांगण्यासारखं काही नाही.

मुलगी : मग मी सांगते. धाडस वगैरे नव्हतं, सर. गायक शब्द विसरला होता.

सर : काय सांगतेस!

आई : माणूस आहे, विसरतो. अंगात ताप होता बिचाऱ्याच्या. बाकीच्यांनी हात खाली घेतले. मी नाही घेतले. खालचा स्वर धरला आणि ओढत राहिले. गज संपत आला की उलटा फिरवायचा, पण फिरवलेला कळता कामा नये. सारखी त्याच्याकडे बघत होते. ओठ हलले, तसा सोडला.

सर : म्हणजे तो ठहराव...

मुलगी : आईचा.

सर : आणि मी पोरांना सांगतो, गायकाची हिंमत बघा!

मुलगी : तो गात असतो म्हणून ही तुम्हाला ऐकूच येत नाही. आज त्याला सुट्टी.

आई : ऐकू यावं म्हणून वाजवलंच नव्हतं मी! ऐकू आलं असतं तर त्याची चूक उघडी पडली असती. जे मी झाकलं, ते तू चारचौघांत मांडणार.

मुलगी : त्याचं विसरणं नाही मांडत. तुझं सावरणं मांडतेय.

आई : मोठी आलीय मांडणारी. मला काही कोणी वाजवणं सोडायला लावलं नव्हतं.

मुलगी : मी लावलं.

आई : तू कशाला? तुझ्या वेळी पोट आड यायला लागलं, बस्स. माझं पोट नि आत्याबाईंचं पोट, दोन्ही एका जागी मावेनात. तू झाल्यावर पुन्हा उभी राहीन म्हटलं. तोवर त्यांच्या खांद्यावर तुझे लंगोट वाळायला लागले. ते तसंच राहिलं.

मुलगी : लंगोट कधीच वाळले, आई.

सर : अगं, पण निकाल?

मुलगी : करू देत नापास. पुढच्या वर्षी येईन आणि पुन्हा हेच वाजवीन. त्याच्या पुढच्या वर्षीही.

आई : थांब. तो स्वर कसा काढतेस, दाखव. ...छे! दाबतेस कशाला एवढं? गजाचं वजन पुरे आहे. कानाला नंतर, आधी तळपायाला कळला पाहिजे, फळ्यांतून.

मुलगी : असा?

आई : आत्ता फिरवलास, कळलं मला. मनगट सैल. पुन्हा.

मुलगी : आता?

आई : फिरवलास?

मुलगी : दोनदा.

आई : हं.

सर : माझ्या बुटांतूनसुद्धा कळला.

मुलगी : आणि सोडायचा कुठे? रेकॉर्डवरून मोजून ठेवलंय मी.

आई : मोजलंस की मेला तो. समोर कुणीतरी विसरलंय, त्याला आठवेपर्यंत धरायचा.

मुलगी : समोर गायकच नसणार ना.

आई : मग सगळेच विसरलेत असं समज.

सर : बाहेरून बोलावतायत. निवेदिकेला सांगायला हवं, रचना कुणाची म्हणून. संगीतकाराचं नाव देऊ?

मुलगी : त्यांनी बेसला फक्त 'मागे राहा' एवढंच सांगितलं होतं. आईची आहे म्हणून सांगा.

सर : 'आईची' असं कसं पुकारणार, बाळ?

आई : नाव मी सांगते, लिहून घ्या. लग्नाआधीचं. वाजवलं तेव्हा तेच होतं.