पऱ्यातला धोंडा

कुणी उचलला रे मेल्यांनो, कुणी उचलला माझा धोंडा, अशी वनिताकाकी पऱ्याच्या काठावरून ओरडली ना, तर काय सांगू तुम्हाला, समोरच्या डोंगरावरची माकडं उठून थेट लांज्याच्या एसटीत बसली असतील.

पऱ्या म्हणजे आमचा ओढा. पाऊस गेला की सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून आम्ही त्याला बंधारा घालतो, तेव्हा कुठं शिमग्यापर्यंत विहिरींना पाणी टिकतं. मी मूळचा मंडणगडच्या डोंगरातला, भाऊ सगळे मुंबईला, मी तेवढा मागे राहिलो, कारण मला एका जागी बसवत नाय आणि मुंबईत म्हणे खुर्चीवर बसायला लागतं. म्हणून गावोगाव पाण्याची कामं करणाऱ्या एका संस्थेत लागलो. तिथं इंटर्नशिपला कॉलेजची पोरं येतात, त्यांना गाव शिकवायचं काम माझ्याकडे.

त्या खेपेला चौघं होती. त्यातली सानिका मुंबईची, बोलायची कमी, वहीत लिहायची फार. आदल्याच दिवशी मी त्यांना बजावलेलं, बाबांनो, कोकणात दगडाला हात लावण्याआधी विचारा, इथले अर्धे दगड देव आणि उरलेले देवाचे नातेवाईक. आणि सकाळी तळाला जड दगड हवा म्हणून काठावरचा तो गुळगुळीत धोंडा पोरांना दाखवला कोणी, तर मीच. पण ते तेव्हा कशाला बोलू?

काकी ओरडली तशी सगळ्या बायांनी घमेली खाली ठेवली. वाडीतले पुरुष मुंबईला, बंधारा बायांच्याच हातावर, आणि उद्यापासून त्या भात झोडायला जाणार. धोंडा तळाशी, वर गोणींचे तीन थर, उसकटायचं म्हटलं तर यंदा बंधारा नाय आणि पाणीपण नाय. माझ्या या काठावरून त्या काठावर शंभर फेऱ्या झाल्या. सानिका म्हणाली, काका, मी काकींना विचारून येऊ का? मी म्हटलं, गप गो, तुला काय कळतं, राखणदार असणार तो.

मग चप्पल काढली, नारळ मागवला आणि असं गाऱ्हाणं घातलं की झाडावरची पानं हलायची थांबली. बा राखणदारा म्हाराजा, पोरं अजाण हत, तू काठावर उन्हात तापत होतास, तुला थंड पाण्यात बसवलाय, आता वाडीचं पाणी राख. व्हय म्हाराजा, सगळ्या म्हणाल्या. काकीपण म्हणाली. घमेली उचलली गेली, ऊन कलायच्या आत बंधारा पुरा, आणि पाणी असं तुंबलं की अंजनवेलच्या खाडीतली बोट आणून लावावी.

नव्या पोरांना मी आजही हे सांगतो, पण इथपर्यंतच. पुढचं आठवलं की पाय आपोआप चालायला लागतात. घराकडे परतताना सानिका काकीच्या बाजूने चालत होती, मी दोन पावलं मागे. तिने हळूच विचारलं, काकी, कुठला देव होता तो?

देव कसला, माझा धुण्याचा धोंडा होता.

मग व्हय म्हाराजा कशाला म्हणालात?

काकी म्हणाली, गाऱ्हाण्याला नाय कोण म्हणतं? आता मी धुणं कुठं धुवू, ते सांग.