पार्ट बदलला की हो!

...आणि वर म्हणतो कसा, "भाऊसाब, सायकल बुढी झाली, आवाज करणारच!" आता तुम्हीच सांगा! माझ्या वडलांची सायकल, इतकी वर्षं हूं नाही की चूं नाही, आणि भिंगारच्या चौकात बाबाजानचाचाकडे ओव्हरहॉलिंगला टाकली, तर चौथ्या दिवशी पेडल मारलं की कट्... कट्... कट्! का? मी संशयी नाही हं, नुसतं लक्ष ठेवतो! पण जुन्या सायकलीतलं लोखंड म्हणजे लोखंड, हल्लीचा सगळा पत्रा. काढला असेल आतला ओरिजिनल एक्सल, बसवला असेल डुप्लिकेट... मला काय कळणार?

म्हणून तर पेडलचा दांडा एक्सलला धरून ठेवते ती कॉटर पिनसुद्धा मी त्याची घेतली नव्हती! म्हटलं चाचा, पिन मी आणतो. नगरच्या बाजारातून आणली, पारखून, दातानं चावून बघून! तरी ठोकताना पुटपुटलाच, "नरम है भाऊसाब." म्हणणारच! त्याची खपली नाही ना!

मग काय, गेलो चौकात, चहाच्या गाडीवर ही गर्दी, आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "चाचा, पार्ट बदललाय! सायकल घरी खोलतो, पुरावा घेऊन येतो. नाही सापडला तर ह्याच चौकात कान धरीन!" चाचा आपला घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसला. न बोलणारा माणूस... तुम्हाला सांगतो, त्याच्यावर डबल लक्ष ठेवावं लागतं!

रविवारी बसलो अंगणात. पाना शेजारच्या राधाकृष्णानं दिला, मागितल्याबरोबर दिला! का दिला? एरवी पेपर देत नाही! असो. पिन ठोकून काढली, चेन उतरवली, कप फिरवला आणि बेअरिंगचे छर्रे जे सुटले, तुळशीपासून मोरीपर्यंत! गोळा केले, बायकोच्या, सीमाच्या, मसाल्याच्या डब्यात मोहरीच्या वाटीत ठेवले. ती बाहेर आली, डबा बघितला, म्हणाली, "आता मलाही खोलून बघा! माहेरनं आलेले पार्ट सगळे जागेवर हायेत का!" मी म्हटलं, अगं मी संशयी नाही, नुसतं लक्ष ठेवतो! तर म्हणते, "मग छर्रे सोडा, आमटीवर लक्ष ठेवा."

एक्सल रॉकेलमध्ये बुडवला, फडक्यानं पुसला आणि... थांबलोच. त्यावर खिळ्यानं ओरबाडलेलं एक अक्षर. 'सू'. म्हणजे सूर्यभान! माझे वडील हो! कप पुसला, 'सू'. क्रँक पुसला, 'सू'. मागचा हब, फ्रीव्हील, पार सीटखालच्या स्प्रिंगवर, 'सू'! वडलांचं ते अक्षर, तसंच वाकडं. कुणी पार्ट बदलू नये म्हणून एकेका पार्टवर खूण करून ठेवलेली! वडील जाऊन सहा वर्षं झाली, तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. रॉकेलचा वास होता म्हणा. पण आलं.

आणि मग टाळक्यात उजेड पडला. सगळे पार्ट वडलांचेच! म्हणजे चाचानं काही बदललंच नाही! खूण नव्हती ती फक्त एकाच वस्तूवर... ती पिन. दातानं चावून आणलेली. माझी! एका बाजूनं पार चेपलेली. कट् कट् तिचंच!

बरं, पुन्हा जोडावी गुपचूप, तर जुळतंय कुठं? कप बसला तर छर्रे खाली, छर्रे बसले तर एक्सल उलटा! शेवटी सगळं पोत्यात भरलं आणि निघालो. चौकात तीच चहाची गाडी, तीच माणसं, जशी काय माझीच वाट बघत बसलेली. पोतं खाली ठेवलं आणि धरले कान. धरले हो! दोन्ही!

चाचा हसलासुद्धा नाही. सायकल जोडली, स्वतःची पिन ठोकली. आवाज बंद! मग गल्ल्यातून एक गंजका खिळा काढून माझ्या हातात दिला. "तुमचे वालिद हर वक्त इथंच बसून खूण करायचे. त्यांचाच खिळा आहे, मी जपून ठेवला. घ्या, पिनवर तुमचं नाव घाला."

लाजेनं मान वर होईना. खाली घालूनच ओरबाडलं, भाऊसाबचा 'भा'. बापाचा पोरगा, दुसरं काय! आता मी संशयी नाही हं, चाचा देवमाणूस, चौकात सगळ्यांना सांगितलंय तसं... पण तुम्हाला म्हणून विचारतो, कुणाला सांगू नका... तो खिळा वडलांचाच होता कशावरून?