मागच्या वर्गातली हवा

मुख्याध्यापिका : ...आणि हा डबा. वर्गात झोपा काढायच्या आणि जाग आली की हे उद्योग. आता तुम्हीच सांगा, आई म्हणून तुम्हाला काय वाटतं?

आई : बाई, आधी जरा टेकू द्या. पहाटेपासून बसमध्ये उभी आहे, कंडक्टरच्या नशिबात सीट नसते. हां. आता बोला. अगं बाई, हा तर आमच्या घरचा डबा! घर डोक्यावर घेतलं होतं मी याच्यासाठी. झाकणाला भोकं कुणी पाडली?

डुलकी : मी. हवा आत जायला.

आई : पोळ्यांना कशाला हवी हवा?

डुलकी : पोळ्यांना नाही गं. सेन्सरला.

मुख्याध्यापिका : मुद्द्यावर येऊ या. तुमच्या मुलीला सगळी शाळा डुलकी म्हणते, हे तुम्हाला ठाऊक आहे?

आई : ठाऊक आहे. माझ्या बसमध्ये चढणारी पोरंसुद्धा विचारतात, ‘डुलकीची आई ना तुम्ही?’ तिकीट फाडून देते आणि गप्प बसते. काय करू? घरी ही लवकर झोपते, बाई. मोबाइल मी उशाखाली घेऊन झोपते. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, टॉनिकच्या बाटल्या संपल्या. डॉक्टर म्हणतात, पोर ठणठणीत आहे. आणि दुपार झाली की ही बाकावर आडवी!

मुख्याध्यापिका : शाळेच्या मागच्या बाजूला जो वर्ग आहे, त्यातली सगळीच तुकडी तशी मंद आहे. पण ही त्यांची म्होरकी. म्हणून मी ठरवलंय, पुढच्या आठवड्यापासून ती एक वर्ग खाली बसेल. वर्ष पुन्हा करेल.

आई : वर्ष पुन्हा? अहो बाई, असं एकदम स्टॉप यायच्या आधीच खाली उतरवू नका तिला.

डुलकी : बाई, मी बोलू?

मुख्याध्यापिका : जागी आहेस तोवर बोलून घे.

डुलकी : हा डबा मी विज्ञानाच्या सरांच्या क्लबमध्ये केला. शनिवारच्या. तिथे सर छोटा बोर्ड देतात, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाएवढा कॉम्प्युटरच. स्वस्तातला असतो, जळला तरी सर रागवत नाहीत. बाकीच्यांनी कुंडीला पाणी घालणारी नळी केली, दार उघडलं की वाजणारी बेल केली. मी आधी टोपी केली होती.

मुख्याध्यापिका : ती टोपी! तीच ना, माझ्या प्रार्थनेत कोकलली होती?

डुलकी : हो. म्हणजे, ती कोकलायलाच केली होती. टोपीत एक बटण होतं. मान खाली झुकली की बोर्डाला कळायचं आणि बझर वाजायचा. मला जागं राहायचं होतं, बाई. खरंच. मी गालाला चिमटे काढून बघितले, जिभेखाली मीठ ठेवलं. मग म्हटलं, टोपी करावी.

आई : जिभेखाली मीठ? मला नाही कधी सांगितलंस.

डुलकी : तू आणखी एक टॉनिक आणलं असतंस.

मुख्याध्यापिका : मग टोपीने काय दिवे लावले?

डुलकी : ती मला वाजायचीच. मग शेजारणीने गंमत म्हणून घातली, तर तिलाही वाजली. मग टोपी बाकाबाकावर फिरली. आमच्या वर्गात पहिली येते ना ती, उंच, चष्मेवाली? तिलाही वाजली, आणि ती रडायलाच लागली. सगळ्यांना वाजली, बाई. मागचा वर्ग, जेवणानंतरचा तास. पण क्लबमध्ये कुणालाच वाजायची नाही. तीच टोपी, तीच आम्ही मुलं.

मुख्याध्यापिका : क्लबमध्ये आवडीचं काम असतं. आवडीच्या कामात झोप येत नाही.

डुलकी : मलाही तसंच वाटलं. म्हणून एका शनिवारी मी क्लबमध्ये मुद्दाम व्याकरणाचं पुस्तक वाचत बसले. तरी नाही वाजली.

आई : व्याकरण वाचून जागी राहिली! बाई, आता आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?

डुलकी : क्लब व्हरांड्यात भरतो. उघड्यावर. मी सरांना विचारलं, की झोप माझ्यात आहे की खोलीत? सर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून हा सेन्सर काढून दिला. आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत किती साचलाय ते हा मोजतो. साचला की डोकं जड होतं, झोप येते. दिवे मी लावले. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे खिडकी उघडा. छोट्या पडद्यावर आकडाही येतो. प्रोग्राम मी लिहिलाय. पहिल्यांदा उलटा लिहिला होता, मैदानात लाल लागायचा.

मुख्याध्यापिका : आता तर हिरवा लागलाय.

डुलकी : तुमच्या खोलीला दोन उघड्या खिडक्या आहेत, बाई. आमच्या वर्गात दुपारी लाल लागतो. आई, त्या भोकांवर जोरात श्वास सोड.

आई : मी? हाऽऽऽ... अगं, लाल झाला की! हाऽऽऽ! बघा, बघा बाई!

मुख्याध्यापिका : पुरे. म्हणजे कुणीही फुंकलं की लाल. मग वर्गात तूही फुंकलंच असशील. मैत्रिणींनी मिळून फुंकलं असेल. हा पुरावा नाही, ही जादूगाराची पेटी झाली.

डुलकी : मग बाई, तुम्हीच घेऊन चला ना. तुमच्या हाताने. तुमच्या टेबलावर ठेवा, आम्ही कुणी जवळ येणार नाही. फक्त एक तास घ्या आमचा. दुपारचा.

मुख्याध्यापिका : आणि दिवा हिरवाच राहिला तर?

डुलकी : तर मी खालच्या वर्गात बसेन. तोंड वर करून एक शब्द बोलणार नाही.

आई : अगं, जरा दमानं! एवढी मोठी पैज लावतात का?

डुलकी : लागू दे, आई. मी मोजलंय.

मुख्याध्यापिका : ठीक आहे. भूमितीचा तास मीच घेते. आणि तुम्हीही चला, शेवटच्या बाकावर बसा. मागाहून कुणी म्हणायला नको, की बाईंनी काहीतरी लबाडी केली.

(मागचा वर्ग. जेवणानंतरचा तास अर्ध्याहून जास्त झाला आहे. दार बंद, पंखा चालू.)

मुख्याध्यापिका : ...म्हणून या दोन बाजू समान. आणि बाजू समान असल्यामुळे... त्यांच्या समोरचे... काय म्हणत होते मी?

डुलकी : समोरचे कोन, बाई.

मुख्याध्यापिका : हां. कोन. समोरचे कोनही... आऽऽ... माफ करा. कोनही समान. फारच उकडतंय आज. तू अशी मान लांब करून काय बघतेस?

डुलकी : दिवा कुठला लागलाय ते. इथून दिसत नाही, आणि जवळ यायचं नाही असं ठरलंय.

मुख्याध्यापिका : पिवळा आहे. कधीचाच पिवळा आहे. त्याने काही आकाश कोसळत नाही. पुढे लिहा. आणि मागे कोण घोरतंय? कोण आहे ते? उभं राहा आधी!

डुलकी : बाई... ती माझी आई आहे.

आई : पुढे सरका, पुढे सरका, आत सगळी गाडी रिकामी आहे... अं? काय? कुठं आलो?

मुख्याध्यापिका : शांत! हसू नका! हसायला काय झालं? हिच्या आई पहाटेपासूनच्या थकलेल्या आहेत. त्याचा हवेशी काही संबंध नाही.

आई : थकलेली रोजच असते हो मी. पण गाडीत दांडीला धरून उभी असते, सगळ्या खिडक्या उघड्या, कधी डोळ्याला डोळा लागला नाही. इथं टेकले काय आणि मेले काय! डोक्यावर कुणी ओली गोधडी टाकल्यासारखं झालं.

मुख्याध्यापिका : पण पंखा आहे ना वर? चांगला गरगरतोय.

डुलकी : पंखा तीच हवा फिरवतो, बाई. बाहेर नाही टाकत. शेवटच्या बाकाची पहिल्या बाकाला देतो, पहिल्याची शेवटच्याला.

मुख्याध्यापिका : हं. असो. आता आकृतीकडे बघा. क, ख, ग, घ. या त्रिकोणात... थांबा. त्रिकोणात घ कुठून आला?

डुलकी : तुम्हीच दिलात. मगाशी.

मुख्याध्यापिका : त्रिकोणाला चौथा बिंदू? मी? आणि तुम्ही सगळ्यांनी तो उतरवून घेतलात?

डुलकी : आम्हाला वाटलं, काहीतरी पुढचं असेल.

मुख्याध्यापिका : इतकी वर्षं भूमिती शिकवतेय मी... दिवा लाल झालाय.

डुलकी : बाई, आकडा किती आहे?

मुख्याध्यापिका : अडीच हजार. नाही, त्याच्याही वर. अजून चढतोय. माझ्या खोलीत किती होता?

डुलकी : सहाशेच्या आसपास. मैदानात तर त्याहून कमी.

मुख्याध्यापिका : या डब्याजवळ कुणी आलं नाही. मी समोरच उभी आहे. कुणीच आलं नाही. ...खिडक्या उघड.

डुलकी : उघडत नाहीत. खिळे ठोकलेत.

मुख्याध्यापिका : कुणी?

डुलकी : माहीत नाही. खूप जुने आहेत. मैदानातले चेंडू आत यायचे, असं शिपाईकाका म्हणतात.

मुख्याध्यापिका : चेंडू येतात म्हणून हवा बंद! बोलवा शिपायाला. नाही, त्याला मीच पोस्टात पाठवलंय. पक्कड आहे कुणाकडे?

डुलकी : माझ्याकडे आहे. पण ही वायर कापायची, एवढीशी.

आई : दे इकडे. हिने नुसतं डोकं धरता येईल खिळ्याचं. खिडकीच्या चौकटीला कुणीतरी हात लावा. अडकलेल्या खिडक्यांशी रोजची मारामारी आहे माझी, पण ही भारीच हट्टी दिसते.

मुख्याध्यापिका : मी धरते.

आई : तुम्ही? साडी खराब होईल, बाई.

मुख्याध्यापिका : होऊ दे. ओढा. मी खालून रेटते.

आई : हां, जरा डावीकडं. गंज पडतोय, डोळे मिटा. जोर लावा! आणखी! निघाला एक. दुसरा सैलच आहे. आता खिडकीला सगळे मिळून... हं, हं...

मुख्याध्यापिका : सरकतेय! सरकतेय! पोरांनो, मागे व्हा. काच सांभाळा. आता...

आई : उघडली! उघडली गं बाई! हा वारा बघा कसा आला! उघड, पोरी, दारही सताड उघड. आरपार जाऊ दे.

मुख्याध्यापिका : दुसरीही घ्या. हात आता बसलाच आहे. आणि ओरडू नका रे इतकं, शेजारच्या वर्गात तास चालू आहे!

डुलकी : बाई, आता डब्याजवळ येऊ?

मुख्याध्यापिका : ये. वाच मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

डुलकी : अजून लालच आहे. पण आकडा उतरतोय. तेवीसशे... एकवीसशे... आता भराभर चाललाय. सतराशे. गर्दी करू नका ना, तुमच्या श्वासाने परत चढेल! लांबून बघा. तेराशे... बाई, पिवळा!

आई : पिवळा! टाळ्या काय वाजवताय, माझ्या दुसऱ्या खिडकीसाठी वाजवा. हा बघा, शेवटचा खिळा.

डुलकी : हजार... नऊशे... थांबलाय. नाही, नाही, उतरतोय. आठशे...

मुख्याध्यापिका : हिरवा.

डुलकी : हिरवा!

आई : अगं, रडतेस काय? हिरवा लागला ना?

डुलकी : आई, माझ्यात काही नव्हतं गं. खोलीतच होतं.

आई : म्हणजे माझी पोर आजारी नाही. बाई, ऐकलंत? माझी पोर आजारी नाही, आळशी नाही, काही नाही. आणि मी हिला पहाटे गार पाण्याने उठवत होते. जवळ ये, डोळे पूस.

मुख्याध्यापिका : सगळे जागेवर बसा. बसा म्हणते ना. मला काही सांगायचंय. या तुकडीला मी मंद म्हणत होते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळेच म्हणत होतो. तो शब्द आजपासून शाळेत कुणी उच्चारायचा नाही. आधी मी नाही. आणि खालच्या वर्गात कुणीही जाणार नाही. या खिडक्यांना उद्या जाळी बसेल, म्हणजे चेंडूही येणार नाहीत आणि हवाही अडणार नाही.

डुलकी : बाई, दुसऱ्या वर्गांतही मोजायचं का? तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत लहान मुलं बसतात. तिथे तर खिडकीच नाही.

मुख्याध्यापिका : मोजायचं. तू मोजायचंस. सरांना सांग, लागतील तेवढे बोर्ड घ्या. टोपी घालून प्रार्थनेला मात्र येऊ नकोस.

आई : आणि नाव, बाई? ते डुलकी?

मुख्याध्यापिका : तेही बंद करू.

डुलकी : नको. राहू दे. माझ्या डब्याचं नाव ठेवते मी ते.

मुख्याध्यापिका : बरं. आता हा त्रिकोण. चुकीचा बिंदू कोणता, कोण सांगेल? ...अरे! एवढे हात? या वर्गात एवढे हात मी कधी बघितले नव्हते. तुमचा कशाला वर आहे हो?

आई : मलाही येतंय ना! तो घ. गाडीत जास्तीचा घुसलाय.

मुख्याध्यापिका : बरोबर. उतरवला त्याला. ही घंटा झाली. जा, सुटला तुमचा तास.

डुलकी : बाई, एक विचारू?

मुख्याध्यापिका : विचार की.

डुलकी : हे पुन्हा शिकवाल? पहिल्यापासून?

मुख्याध्यापिका : आजचा धडा?

डुलकी : नाही. अख्खं पुस्तक. झोपेतच गेलं ते.

मुख्याध्यापिका : घंटा झालीय. ऐकलीस ना?

डुलकी : ऐकली. पण कुणी उठलेलं नाही, बाई.

मुख्याध्यापिका : ...फळा पूस.