नावाआधीची जागा

पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात शिंपीणबाई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. पुढे बापलेक उभे होते.

"पेंटर, हिच्या नावाआधी 'डॉ.' पुरती जागा सोडा."

"बाबा, पाटी सायकलदुरुस्तीच्या दुकानाची आहे. मेडिकलच्या प्रवेशाला तीनदा आपटले. ती जागा आता भाड्यानं द्या."

"चौथ्यांदा बस."

"बसून बसून खुर्ची झिजली."

"तुझ्या आत्याला काय सांगू?"

"सांगा, पोरगी मोडलेली चाकं बसवते. पेशंट दवाखान्यातून पळत घरी जातात."

"लाज नाही वाटत?"

"वाटायची, दर निकालाला. आता रात्री झोप लागते, बाबा."

बापानं रंगाचा एक डबा उचलून पेंटरपुढे ठेवला.

"पेंटर, नाव मधोमध घ्या. आणि चांगलं मोठं काढा. हिच्या आत्याला लांबचं दिसत नाही."